नेपल्सला उतरायचं ते एका मूर्तीसाठी

येत्या मे महिन्यात आमचं जहाज एका सकाळी आठ वाजता नेपल्सच्या धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी सहाला सुटेल. मधल्या वेळात मला आई-आण्णांना एक बाई दाखवायची आहे. हस्तिदंताची आहे, उंची 25 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जराशी जास्त. जहाजावरचे बहुतेक लोक त्या दिवशी पॉम्पेईला जातील, कुणी काप्री बेटावर, कुणी अमाल्फीच्या किनाऱ्यावर. आम्ही यातलं काहीच करणार नाही. आम्ही नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जाणार, तिच्यासमोर मनसोक्त वेळ काढणार, आणखी थोडं काही बघणार आणि वेळेत जहाजावर परत येणार.

ही बाई 1938 साली पॉम्पेईच्या एका घरात सापडली. आमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली तिथे खोदकाम चालू होतं. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि ते घर राखेखाली गेलं. म्हणजे ही भारतातून त्याच्या आधीच तिथे जाऊन पोचलेली होती. जग तिला ‘पॉम्पेई लक्ष्मी’ म्हणून ओळखतं, पण ती यक्षी असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरपूर, केशरचनाही थाटाची. दोन बाजूंना दोन छोट्या दासी, त्यांच्या हातात प्रसाधनाची पात्रं. तिच्या डोक्यातून खाली उभं भोक पाडलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी, किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे अंदाज आहेत.

आणि तिच्या घडणीशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती भारतात सापडल्या त्या भोकरदनला आणि तेरला. भोकरदन जालना जिल्ह्यात, तेर धाराशिव जिल्ह्यात. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या मुरूडहून ढोकीमार्गे तेरला जायला तासभरसुद्धा लागत नाही.

तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून ‘ही आपल्या तेरचीच’ असं मी घरात छातीठोकपणे सांगितलेलं नाही. आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे, पुराव्यापलीकडे बोललेलं त्यांना खपत नाही. ‘तेरला हिची बहीण आहे’ इथपर्यंत मात्र त्यांची हरकत नाही.

क्रूझच का, हे आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याने विचारलं. कारण आईचे गुडघे. युरोपची नेहमीची सहल म्हणजे रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरायच्या, पहाटे बस गाठायची आणि दिवसभर खिडकीतून बघायचं. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. खोली तीच, पलंग तोच, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवता येतं. रात्री आपण झोपायचं आणि सकाळी गावच आपल्याकडे आलेलं असतं. वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल तर याहून सोयीचा प्रवास मला दुसरा दिसला नाही. आईला मात्र पाण्याची धास्ती आहे. ‘एवढं मोठं जहाज हालत न्हाई व्हय गं?’ असं ती अजूनही मधूनच विचारते. थोडं हलतं, हे मी तिला खरंच सांगितलंय. मळमळीची गोळी डॉक्टरांकडून लिहून घेतलीय.

मे महिना आण्णांनी ठरवला. रब्बीची रास घरात आलेली असते, रानात काही नसतं, आणि मृगाच्या आत परतलं की सोयाबीनच्या पेरणीची तयारी करता येते. आईचं म्हणणं वेगळं होतं, तिचे ते लोणच्याचे दिवस. कैऱ्या पाऊस पडेपर्यंत थांबतील, असं मावशीने तिला पटवलं तेव्हा कुठे तिने पासपोर्टसाठी फोटो काढला.

तारीख ठरवताना मी एक गोष्ट सगळ्यांत आधी पाहिली, आणि संग्रहालयासाठी क्रूझ निवडणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी असं मला वाटतं. आपण ज्या दिवशी बंदरात असू त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे का? नेपल्सचं हे संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मला आवडलेली, भाड्यानेही स्वस्त असलेली एक सफर नेमकी मंगळवारी नेपल्सला लागत होती. ती मी सोडली. दुसरी घेतली, तिचा नेपल्सचा दिवस गुरुवार. जास्तीचे पैसे गेले, पण त्या मूर्तीच्या गावात जाऊन बंद दार बघून यायचं, हे मला सहन झालं नसतं. महिन्याचा पहिला रविवारही मी टाळला असता. त्या दिवशी इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो, आणि फुकट म्हटल्यावर गर्दी आलीच.

व्हिसा, विमा वगैरेंबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. आई-वडिलांसाठी तो घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, हे वाचून घ्या, एवढंच सांगते. आण्णांना साखर आहे.

पॉम्पेई का नाही, यावर आमच्या ओसरीवर बरीच चर्चा झाली. आण्णांचा जीव पॉम्पेईत होता. वर्गात त्यांनी व्हेसुव्हियस फळ्यावर काढून दाखवलेला आहे. ते म्हणाले, ‘गाव सोडून नुसती गावातली भांडी बघायची का?’ प्रश्न रास्त होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. पॉम्पेई नेपल्सपासून साधारण 25 किलोमीटर. तिथले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी फरसबंदीचे, उंचसखल. सावली कमी, बसायला जागा कमी, मेचं ऊन. आईला तिथे नेणं म्हणजे तिला प्रवेशद्वाराशी बसवून ठेवणं. शिवाय त्या गावातली उत्तमोत्तम चित्रं, मोझेइक म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, मूर्ती, घरगुती वस्तू अठराव्या शतकापासून उचलून नेपल्सला आणल्या गेल्या. गाव तिकडे आहे, पण गावातला संसार पुष्कळसा संग्रहालयात आहे. आण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘डोंगर तर जहाजावरूनबी दिसंल.’ दिसेल. नेपल्सच्या उपसागरात शिरताना व्हेसुव्हियस समोरच असतो. मी त्यांना त्या सकाळी लवकर उठवून वरच्या डेकवर नेणार आहे.

या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, आम्ही तिघं तेरला गेलो. आई-आण्णांना तेर नवं नाही. गोरोबाकाकांच्या समाधीला ते वर्षानुवर्षं जातात, आण्णा तर शाळेची सहल घेऊनही जायचे. पण या वेळी मला दोघांना संग्रहालयात कसं वावरता येतं ते पाहायचं होतं. नेपल्सला जे करायचं ते आधी तेरला करून बघू, असा माझा विचार.

तेरचं संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते रामलिंगप्पा लामतुरे तिथलेच. पाऊस झाला की तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, नाणी वर यायची. लोकांना ती पोरांची खेळणी वाटायची. लामतुऱ्यांनी ती आयुष्यभर गोळा केली, जपली. आज तिथे जे आहे त्याचा पाया त्यांचा तो संग्रह आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो. त्याच्याकडे पदवी नव्हती, सरकारी हुकूम नव्हता, पण आपल्या गावच्या मातीतून येतंय ते मोलाचं आहे एवढी जाण होती. तेरला सापडलेल्या वस्तूंत रोमन धाटणीचे मातीचे दिवे आहेत आणि रोमन नाण्यांची नक्कल करून केलेल्या मातीच्या मुद्राही आहेत. तेरनेच्या काठावरच्या माणसाने रोमचं नाणं हातात घेऊन बघितलं होतं, त्याशिवाय का त्याची नक्कल केली असेल?

हस्तिदंती मूर्तीसमोर आण्णा थांबले आणि हळूहळू सगळं सांगायला लागले. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’मध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या एका अनामिक खलाशी-व्यापाऱ्याच्या वाटाड्या पुस्तकात, तेरचं नाव ‘तगर’ असं येतं. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे, तगरहून भरपूर कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा, असंही त्यात लिहिलंय. आण्णांना हे पाठ आहे. आई ते ऐकत नव्हती, ती मूर्ती बघत होती. मग मी मोबाइलवर नेपल्सच्या मूर्तीचा फोटो उघडून तिच्या हातात दिला. तिने तो मोठा केला, हातांवरून, पायांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘ही तर आपल्या तांड्यावरच्या बायांवानी बांगड्या भरून बसलीया.’ खरंच तसं दिसतं. मनगटापासून वरपर्यंत बांगड्यांची चळत, पायांतही तसेच वाळे. मी त्या मूर्तीबद्दल बरंच वाचलं होतं, पण लमाणी बायकांच्या हातांची आठवण मला झाली नव्हती. आईने हे पाहिलं त्या क्षणी माझ्या लेखी नेपल्सचा बेत पक्का झाला. तिला ती मूर्ती काचेपलीकडून का होईना, समोरासमोर बघायला मिळालीच पाहिजे.

त्या दिवशी तेरला मला आणखी दोन गोष्टी कळल्या. आण्णा प्रत्येक पाटी वाचतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग आधीच्या कपाटाकडे परत जातात. आई वस्तू एकदा नीट बघते, तिचं बघून झालेलं असतं, आणि मग तिला बसायला लागतं. म्हणजे एकाला वेळ हवा आणि दुसरीला खुर्ची. नेपल्सच्या एवढ्या मोठ्या इमारतीत दोघांना एकाच चालीने फिरवलं तर आण्णा चिडतील आणि आई गप्प बसून दुखणं सोसत राहील. तिची सवयच ती. त्यामुळे तिथे आम्ही तिघं सतत एकत्र राहणार नाही. एक ठिकाण ठरवायचं, तिथे बाक असेल, आई तिथे, आणि आण्णांना मी दोन-तीन दालनं मनसोक्त वाचू देणार. मी दोघांमध्ये ये-जा करणार. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, आधी आपल्या जवळच्या एखाद्या संग्रहालयात त्यांना घेऊन जा. संभाजीनगरचं असो, तेरचं असो, पैठणचं असो. त्यांची चाल तिथेच कळते.

आता अवघड भाग. ही मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात जिथे ठेवली आहे त्या दालनाचं नाव ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’, म्हणजे गुप्त दालन. पॉम्पेई आणि आसपासच्या गावांत सापडलेल्या शृंगारिक, कामुक वस्तू तिथे एकत्र ठेवल्या आहेत. 1819 साली नेपल्सच्या गादीचा वारस पत्नी आणि मुलीला घेऊन संग्रहालयात आला, ते सगळं पाहून संकोचला आणि त्याने त्या वस्तू कुलपात ठेवायला लावल्या. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं ते दालन कधी बंद, कधी निवडक लोकांपुरतं उघडं, असं चाललं. सर्वांसाठी ते 2000 साली उघडलं. आपली यक्षी उघड्या अंगाची, म्हणून तीही तिथेच जाऊन बसली.

आई-आण्णांना हे आधी सांगायचं की तिथे गेल्यावर बघू म्हणायचं? मी सांगायचं ठरवलं. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसांना परक्या देशात अचानक संकोचात टाकणं मला बरोबर वाटत नाही. आण्णांना फोनवर सांगितलं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, ‘निलंग्याच्या देवळावर काय कमी हायेत व्हय?’ निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ आमच्याच जिल्ह्यातलं. त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी आईने लग्न झाल्यापासून पाहिलेल्या आहेत. प्रदक्षिणा घालताना त्यांच्यासमोरूनच जावं लागतं, आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलेलं नाही. नेपल्सच्या त्या खोलीतल्या बाकीच्या वस्तू देवळावरच्या शिल्पांपेक्षा खूपच उघड आहेत, तेही मी सांगितलं. आईने विचारलं, ‘तिला वेगळं ठिवता येत न्हाई का त्यांना?’ आईचा हा प्रश्न मला फार योग्य वाटतो. आरशाची मूठ असो की आसनाचा पाय, ती एका श्रीमंत घरातली, हौसेने जपलेली, दुरून आलेली वस्तू होती. तिच्या दासींच्या हातात शृंगाराची पात्रं आहेत. तिची जागा दूरच्या व्यापाराची गोष्ट सांगणाऱ्या दालनात असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पण आज ती तिथे आहे, तर आम्ही तिथे जाऊ. सरळ तिच्यापाशी, तिला बघायचं आणि बाहेर. आण्णांना इतर वस्तूंच्या पाट्या वाचायच्या असतील तर त्यांनी खुशाल वाचाव्यात.

त्या दिवसाचा क्रम मी असा धरलाय. जहाज आठला लागलं तरी आठला उतरायचं नाही. सहलीच्या बसवाल्यांची झुंबड आधी जाऊ द्यायची, आईचा नाष्टा आणि आण्णांची गोळी व्यवस्थित होऊ द्यायची. संग्रहालय नऊला उघडतं. बंदर आणि संग्रहालय यांत जेमतेम दोन किलोमीटर अंतर आहे, पण वाट चढाची. धक्क्यासमोरच मुनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन आहे, तिथून तोलेदो, दांते आणि मग म्युझेओ. तिसऱ्या स्टेशनला उतरलं की संग्रहालय जवळच. मी एकटी असते तर मेट्रोनेच गेले असते. त्या मुनिचिपिओ स्टेशनचं खोदकाम चालू असताना प्राचीन बंदराच्या गाळात रोमन काळातली जहाजं सापडली होती, हे सांगितल्यापासून आण्णांनाही मेट्रोच हवी आहे. पण तोलेदो आणि त्या मार्गावरची स्टेशनं खूप खोल, सरकते जिने लांबलचक, आणि आईला सरकत्या जिन्यावर पाय टाकणं जमत नाही. म्हणून जाताना टॅक्सी. नेपल्समध्ये ठरावीक मार्गांसाठी ठरलेलं भाडं असतं, पण ते बसतानाच मागावं लागतं, नाहीतर मीटर सुरू होतो. ते इटालियन वाक्य मी कागदावर लिहून ठेवलंय. येताना उतार आहे, आईची तब्येत बघून ठरवू.

आत गेल्यावर पहिलं काम तिचं. ते दालन मधल्या मजल्यावर आहे आणि मोझेइकही त्याच मजल्यावर, लागूनच. म्हणजे मूर्ती बघून झाली की आण्णा तिथेच रमतील. पॉम्पेईच्या एका घराच्या फरशीवरचं अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं ते प्रसिद्ध मोझेइक 1831 साली सापडलं, लांबी पाच मीटरहून जास्त. शाळेच्या पुस्तकातला अलेक्झांडरचा चेहरा पुष्कळदा त्याच्यावरूनच घेतलेला असतो. आण्णांनी तो चेहरा पोरांना इतकी वर्षं दाखवलाय. त्यांना तिथून उठवायची माझी इच्छा नाही.

उतरताना तळमजल्यावर फार्नेसे घराण्याच्या संग्रहातली शिल्पं. रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहांत सोळाव्या शतकात सापडलेला हर्क्युलिस, गदेवर रेलून दमून उभा. आणि त्याच जागेचा तो प्रचंड बैल. दोन भाऊ एका स्त्रीला उधळलेल्या बैलाला बांधताहेत, कारण तिने त्यांच्या आईचा छळ केला होता. फोटो बघून आई म्हणाली, ‘बैलाला येसण न्हाई, धरावं कशाला?’ घरात चाळीस पोळे साजरे केलेल्या बाईचं पहिलं लक्ष तिकडेच जाणार. तो बैल ती समोर बघेल तेव्हा काय म्हणते याची मला फार उत्सुकता आहे.

एवढंच. वरच्या मजल्यावरची भित्तिचित्रं, हर्क्युलेनियमच्या वाड्यातले ब्राँझचे पुतळे, हे सगळं सोडायचं. मला स्वतःला ते सोडताना जड जातंय. पण आईच्या गुडघ्यांचा हिशोब केला तर तीन तास आत म्हणजे भरपूर झाले, त्यातला निम्मा वेळ बसून. जेवायला बाहेर. नेपल्समध्ये ‘मारिनारा’ नावाचा पिझ्झा मिळतो, वर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल. चीज आईला सोसत नाही, म्हणून हा शोधून ठेवला. आण्णांसाठी पिशवीत बंद पाकिटातले फुटाणे आणि शेंगदाणे. आईला धपाटे आणि कारळाची चटणी न्यायची होती, पण घरी केलेले पदार्थ बहुतेक क्रूझवाले जहाजावर चढवू देत नाहीत, बंद पाकिटातलं चालतं. चटणीची सीलबंद पाकिटं लातूरहून घेणार आहे. आण्णांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खांद्याच्या पिशवीत. मोठी पिशवी नेणारच नाही, म्हणजे ती जमा करायला रांगेत उभं राहायला नको.

आणि परत यायची वेळ. जहाज सहाला सुटणार म्हणजे सगळ्यांनी त्याच्या आधीच वर असायचं, आणि स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. आम्ही चारला आत असणार. दोन तास हाताशी जास्त राहिले तर आई खोलीत पाय वर करून पडेल, मला तेच हवंय.

त्या बंदराबद्दल एक गोष्ट आण्णांनी नकाशा बघताना दाखवली. नेपल्सच्या पश्चिमेला, त्याच उपसागराच्या काठावर पोत्सुओली आहे. पहिल्या शतकात तेच पुतेओली, पूर्वेकडचा माल उतरवून घेणारं रोमचं मोठं बंदर. हिवाळ्याच्या ईशान्य वाऱ्यांवर भडोचहून निघालेली जहाजं तांबड्या समुद्रात पोचायची, तिथून उंटांवर माल नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियाला, आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून पुतेओलीला. आपली यक्षी याच वाटेने गेली असं कुणी सिद्ध केलेलं नाही, तसं आण्णा मला लिहूही देणार नाहीत. पण गाडीत घातलेलं तगरचं कापड ज्या पाण्यातून जायचं, त्याच पाण्यातून त्यांचं जहाज त्या सकाळी आत शिरेल, हे ते गेले काही दिवस भेटेल त्याला सांगताहेत. किराणा दुकानात, बँकेत, एसटी स्टँडवर. मुरूडमध्ये आता पोत्सुओली हे नाव बऱ्याच जणांना माहीत झालंय.

संग्रहालयाला मी पत्र लिहिलंय. अशा महत्त्वाच्या वस्तू कधी दुसऱ्या देशातल्या प्रदर्शनासाठी पाठवल्या जातात, कधी माणसं कमी म्हणून एखादं दालन काही तास बंद ठेवलं जातं. आमच्या तारखेला मूर्ती जागेवर असेल का आणि ते दालन कोणत्या वेळेत उघडं असेल, हे दोन प्रश्न विचारलेत. इटालियनमध्ये, आणि खाली इंग्रजीतही. त्यात एक ओळ आण्णांच्या आग्रहाने घातली, की आम्ही तगरजवळून येतोय. जाण्याच्या आठवड्यात मी फोनही करणार आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या दालनात जाऊन आलं असेल तर मला एवढं कळवा, की मूर्तीच्या कपाटाजवळ किंवा दाराबाहेर बसायला बाक आहे का, आणि लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबते का. बाक नसेल तर मी घडीचं हलकं स्टूल घेऊन जाणार आहे, आणि ते आत नेऊ देतात का हेही तिसरा प्रश्न म्हणून पत्रात घालीन.